रविवारची खुर्ची

मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला बसलं की जो तो आपण जगाच्या किती उपयोगी पडलो ते सांगतो. मी आधीच कबूल करते. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, माझा डावा ब्रेक लागत नाही आणि माझ्यामुळे एका भल्या माणसाचं घर सुटलं आहे. आता पुढचं ऐकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझा जन्म कारखान्यातला. नळ्यांच्या एकाच गठ्ठ्यातून आम्ही सगळी भावंडं निघालो. कोणी सायकल झालं, कोणी शाळेतला बाक झालं. मला वाकवलं, वेल्डिंग केलं, वर काळं रेक्झिन चढवलं. निघताना एका माणसाने माझे दोन्ही ब्रेक ओढून पाहिले आणि पाठीवर शिक्का मारला. माझ्या ब्रेककडे कोणी इतक्या आस्थेने पाहिल्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा प्रसंग.

तिथून मी एका पुनर्वसन केंद्रात आले. शब्द मोठा आहे, अर्थ साधा आहे. म्हातारं माणूस पडतं, हाड मोडतं. दवाखाना ते हाड जोडून देतो. मग चालायला, उठायला, जिना चढायला नव्याने शिकवायचं आणि माणूस घरी पाठवायचा, हे केंद्राचं काम. दारावरच्या पाटीवर तरी तसंच लिहिलं होतं.

माझं पहिलं काम होतं फोटोला बसायचं. केंद्राच्या माहितीपत्रकासाठी एक हसतमुख नर्स मला ढकलत होती आणि माझ्यात एक हसतमुख आजोबा बसले होते. ते फोटोग्राफरचे काका होते. फोटो झाल्यावर ते उठले, स्कूटरला किक मारली आणि गेले. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मी नवीन होते.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. मी बायकांना उन्हात नेलं, पुरुषांना वर्तमानपत्रापर्यंत नेलं. एका आजींनी घरी जाताना माझ्या हातावर हात फिरवून म्हटलं होतं, "बाई, दोन महिने तूच माझे पाय झालीस." आणि मग त्या स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर गेल्या. मित्रांनो, चाकांच्या खुर्चीची खरी शान कशात असते, सांगू? माणूस तिला सोडून जातो, त्यात.

मग एका रविवारी घोटाळा झाला. रविवार हा भेटीचा दिवस. सकाळी फरशी पुसून लख्ख केलेली. एक आजोबा मुलाला पाहून लगबगीने पुढे आले आणि पाच कुटुंबांदेखत घसरले. लागलं काही नाही, पण दिसलं सगळ्यांना. सोमवारी बैठक झाली. दोन उपाय निघाले: रविवारी फरशी पुसायची नाही, किंवा रविवारी माणसं चालवायची नाहीत. फरशी पुसली नाही तर ती घाण दिसणार. तेव्हा माणसं चालवणं बंद झालं.

त्या दिवसापासून दर रविवारी सगळ्यांना, चालता येवो न येवो, आंघोळ घालून, भांग पाडून, खुर्चीत बसवायला लागले. वर सुरक्षेचा पट्टा. पट्ट्याचं बक्कल खुर्चीच्या मागच्या बाजूला, म्हणजे बसणाऱ्याचा हात पोचायला नको. बघायला छान दिसायचं. स्टुडिओत मांडलेल्या बाहुल्यांसारखं.

एव्हाना माझा डावा ब्रेक गेला होता. माझ्या हाताला सुतळीने एक चिठ्ठी बांधली, "नादुरुस्त", आणि मला व्यायामाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात ढकललं. दुरुस्तीवाला येणार होता. तो अजून येतोच आहे. पण केंद्रात माणसं चाळीस आणि धड खुर्च्या बत्तीस. म्हणून शनिवारी संध्याकाळी माझी चिठ्ठी सोडायची, रविवारी मला वापरायचं आणि सोमवारी चिठ्ठी पुन्हा बांधायची. आठवड्यातले सहा दिवस मी नादुरुस्त असे आणि रविवारी एकदम ठणठणीत. केंद्रातल्या माणसांचं याच्या बरोबर उलट होतं.

अशा वेळी लाइनमन आले.

त्यांना सगळे लाइनमनच म्हणत. पस्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून त्यांनी गावांना उजेड दिला होता. कधी खरचटलं नाही. निवृत्तीनंतर घरातला बल्ब बदलायला दोन फुटी स्टुलावर चढले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. ही गोष्ट ते स्वतःच सांगत, कोणी विचारायच्या आत.

ते मुलीकडे राहायचे. घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नऊ आणि नऊ अशा अठरा पायऱ्या. मुलगी त्यांना सोडायला आली तेव्हा म्हणाली होती, "बाबा, ज्या दिवशी अठरा पायऱ्या चढाल, त्या दिवशी घरी." आणि ती मनापासून म्हणाली होती, हे मी तिच्या वतीने सांगते. केंद्राची मुदत बारा आठवड्यांची होती. तोवर जमलं तर घर. नाही जमलं तर मागची इमारत. तिला "कायम निवास" म्हणत.

व्यायामाच्या हॉलमध्ये लाकडाचा एक जिना होता. चार पायऱ्या वर, चार खाली, कुठेही न जाणारा. व्यायाम घेणाऱ्या ताई सोमवार ते शुक्रवार यायच्या. लाइनमन त्यांच्याबरोबर त्या जिन्याशी झटायचे आणि मी कोपऱ्यातून बघायची.

"मोजताय ना, ताई?"

"मोजतेय काका. तुम्ही बोलू नका, दम लागेल."

"खांबावर चढताना मी गाणी म्हणायचो."

"म्हणून तर स्टुलावरून पडलात."

आठव्या आठवड्यात त्यांनी तो जिना पाच वेळा पार केला. वीस पायऱ्या चढले, वीस उतरले, काठी हातात होती पण टेकली फक्त वळताना. ताईंनी टाळी वाजवली नाही. नुसतं म्हणाल्या, "दोन जास्त झाल्या." लाइनमन म्हणाले, "असू द्या. उंबऱ्याला लागतील."

ताईंनी ते फाइलमध्ये लिहिलं. फाइल ऑफिसच्या कपाटात गेली. नातेवाइकांशी फक्त ऑफिसने बोलायचं असा नियम होता आणि ऑफिस सगळ्यांच्या नातेवाइकांना एकच वाक्य सांगायचं, "प्रगती समाधानकारक आहे." ज्या आजी महिनाभर डोळेही उघडत नव्हत्या, त्यांचीही समाधानकारक होती.

मुलगी आठवडाभर नोकरीत असायची, दोन बस बदलून रविवारी यायची. रविवारी केंद्रातल्या कामाच्या मावशी लाइनमनना माझ्यात बसवून मागे पट्टा आवळायच्या.

"मावशी, मी पळून जाणार आहे का?"

"पळालात तर बरंच हो, एक कॉट कमी आवरावी लागेल. पण आज नको. आज रविवार आहे."

ज्या माणसाने पस्तीस वर्षं कमरेला पट्टा बांधून खांबावर काम केलं, त्याला पट्टा बांधून जमिनीवर बसवलेलं मी पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, ते माझ्यातच बसले होते.

"मी चढलो," त्यांनी त्या रविवारी मुलीला सांगितलं. "अठराच्या वर. वीस."

मुलगी हसली. तिने त्यांचा हात हातात घेतला. "हो का बाबा? छान. जेवण कसं असतं इथे?"

तिचा दोष नव्हता. केंद्राने पहिल्याच दिवशी तिच्या हातात सूचनांचा कागद दिला होता. त्यात चौथी सूचना अशी होती: "रुग्ण 'मी बरा झालो, घरी न्या' असे म्हणतात. वाद घालू नये. प्रेमाने विषय बदलावा." आणि शेजारच्या कॉटवर कप्तान होते. ते बँकेत रोखपाल होते, पण दर रविवारी आपल्या मुलाला सांगायचे की आज पहाटेच जहाज धक्क्याला लावून आलो. मुलगा म्हणायचा, वा. लाइनमनच्या मुलीने ते अनेकदा ऐकलं होतं. आता एक म्हातारा सांगतो जहाज लावलं, दुसरा सांगतो जिना चढलो, आणि दोघंही पट्ट्याने खुर्चीला बांधलेले. तिने कशावरून फरक करायचा?

"अगं, खरंच चढलो. ताईंना विचार."

"विचारते हं. नातीने चित्र पाठवलंय, बघा."

तिने ऑफिसला विचारलंही. ऑफिसने सांगितलं, प्रगती समाधानकारक आहे.

मित्रांनो, त्या साऱ्या इमारतीत लाइनमनना आठवडाभर चालताना आणि रविवारी बांधलेलं, असं दोन्ही पाहणारी मी एकटी होते. ताईंनी रविवार पाहिला नव्हता. मुलीने सोमवार पाहिला नव्हता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मला फक्त चाकं होती, आणि त्यांनी काय केलं ते पुढे सांगते.

बाराव्या आठवड्याचा रविवार आला. मुलगी पर्समध्ये कायम निवासाचा फॉर्म घेऊन आली होती. अजून सही केली नव्हती. लाइनमनना ते कळलं होतं, कारण ती त्यांच्या डोळ्यांकडे न बघता बोलत होती.

"बाबा, तिकडे खिडकी मोठी आहे. बाग दिसते."

"अगं, मी चालतो."

"हो बाबा. आणि तिकडे टीव्हीपण आहे."

ते मागे टेकले. तिला वाटलं, पटलं. पण मला त्यांचे हात जाणवत होते. ते पाठीमागे गेले होते, माझ्या नळीवरून सरकत बक्कल शोधत होते. जो माणूस वाऱ्यात, एका हाताने, न बघता पट्टे लावत आणि सोडत आला, त्याला ते बक्कल किती अवघड असणार? मुलगी नातीच्या परीक्षेचं सांगत होती तेवढ्यात पट्टा सुटला. त्यांनी पाय ठेवायच्या पायपट्ट्या पायांनीच बाजूला सारल्या. दोन्ही तळवे जमिनीवर नीट टेकवले, ताईंनी शिकवले होते तसे. दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले.

"इकडे बघ," ते म्हणाले.

ती बघत होती. ते उठले. मित्रांनो, ते अर्ध्याच्या वर उठले होते, मी शपथेवर सांगते. गुडघे सरळ होत आले होते. शेवटचा भार त्यांनी डाव्या हातावर टाकला. माझी उजवी बाजू जागेवर राहिली आणि डावी मागे गेली. मी गर्रकन फिरले. ते खाली आले.

केंद्राच्या मेट्रनबाई धावत आल्या. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. पण दिसलं सगळ्यांना.

"बघितलंत?" मेट्रनबाई मुलीला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, समजूत होती. "म्हणूनच आम्ही पट्टा लावतो."

"बाबा, कशाला करता असं?" मुलगी रडत होती.

"खुर्ची सरकली," लाइनमन फरशीवरून म्हणाले. "मी नाही पडलो. खुर्ची सरकली."

"हो, हो," मेट्रनबाई म्हणाल्या. "दुष्ट खुर्ची. मारू या तिला." आणि लहान मुलाची समजूत काढताना मारतात तशी त्यांनी मला एक चापट मारली. माझ्या बाबतीत खरं बोललेला तो एकच माणूस होता, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

फॉर्मवर सही त्याच दुपारी झाली. मुलीने पेन तीनदा खाली ठेवलं, हेही मी पाहिलं. सोमवारी सकाळी ताई आल्या, यादीत लाइनमनचं नाव नव्हतं. त्या ऑफिसात गेल्या. ऑफिस म्हणालं, कुटुंबाचा निर्णय आहे. पुढच्या महिन्यात ताईंनी दुसरीकडे नोकरी धरली.

लाइनमनच्या पाठोपाठ मलाही मागच्या इमारतीत टाकलं. त्या इमारतीत व्यायामाचा हॉल नाही. तिथे कोणी कुठे जायचं नसतं, मग चालायला शिकवायचं कशाला? पहिले काही दिवस लाइनमन कॉटचा दांडा धरून उठायचे. मावशी ओरडायच्या, "काका, पडाल, आणि बोलणी मला बसतील." मग मावशींना बोलणी बसू नयेत म्हणून ते उठायचे थांबले. चार महिन्यांत त्यांच्या मांड्या मनगटाएवढ्या झाल्या. आता त्यांना पट्टा लावत नाहीत. गरजच उरली नाही.

परवाच्या रविवारी मुलीने त्यांना माझ्यात बसवून खिडकीशी नेलं. त्यांचे पाय एकेक करून तिनेच उचलून पायपट्ट्यांवर ठेवले आणि शाल नीट केली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "बरं झालं बाबा, वेळेवर ठरवलं. या पायांनी घरी कसे चढला असता?"

लाइनमन बागेकडे बघत होते. म्हणाले, "खरं आहे."

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं सांगून आत्मवृत्त संपवायची पद्धत आहे. माझ्या निगेचं राहू द्या. मला भंगारात घाला, मी तक्रार करणार नाही. माझी विनंती वेगळी आहे. उद्या तुमच्यापैकी कोणाचे आजी-आजोबा अशा जागी असतील, तर भेटायला रविवारी जाऊ नका. मंगळवारी जा, सकाळी दहाला, न कळवता. शाळा बुडाली तरी चालेल, मी तुमच्या बाईंना काय सांगायचं ते सांगेन. त्यांना खुर्चीत बसवलेलं दिसलं, तर आधी पट्टा सोडा आणि दोन्ही ब्रेक ओढून बघा. आणि ते म्हणाले, "मी चालतो," तर जेवणाचं विचारू नका, चित्र दाखवू नका. उजवा हात पुढे करा आणि म्हणा, "बरं, चला."