हाकेचा खेळ

आमच्या पत्र्याच्या शेडांच्या वस्तीत दर शुक्रवारी सकाळी तीन वर्षांखालच्या मुलांचा आणि त्यांच्या आयांचा एक तास भरत असे. तो एका संस्थेने सुरू केला होता आणि औशाच्या बिलकीस आपा तो चालवीत. आयांमध्ये मी एकटाच बाप. मी दाराजवळ बसे. तेथे कोणाशी बोलावे लागत नसे.

तास एका खेळाने संपे. चटईच्या एका टोकाला मुले, दुसऱ्या टोकाला आया. एकेकीने आपल्या लेकराला नावाने हाक मारायची. ते रांगत, अडखळत तिच्याकडे येई. माझी पाळी आली की मी मान खाली घाली. दीड वर्षाच्या माझ्या मुलीला नाव नव्हते. आपांच्या वहीतही 'बाळ' एवढेच लिहिलेले होते.

भूकंपाच्या पहाटे ती नऊ दिवसांची होती. माझी बायको शीला गणपती करून मगच बाळंतपणाला माहेरी, उदगीरला जाणार होती. बाळ आधीच आले. बारसे तीन दिवसांवर होते. नाव शीलाने आणि माझ्या थोरल्या बहिणीने मिळून ठरवले होते. मी विचारले तेव्हा दोघी हसल्या होत्या : आत्याने कानात सांगण्याआधी बापाला कळत नसते. त्या रात्री मी लातूरला होतो. सकाळी पोचलो तेव्हा दगडमातीतून बाळ जिवंत काढलेले होते. त्या दोघी नव्हत्या.

लातूरच्या एका शिकवणी वर्गात मी हजेरीपट लिहीत असे. पार हदगाव, धर्माबादहून मुले येत; तुकड्या वाढतच होत्या. दिवसाला दोनशे नावे मी वळणदार अक्षरात उतरवी. त्यांतले एखादे घरी न्यावे, असे मनात येई. मग वाटे, त्या दोघींनी ठरवलेले नाव कुठेतरी आहे. दुसरे ठेवले तर ते ठरलेले नावही पुरले जाईल. या विचाराने दुःख होत नसे. काहीच होत नसे.

त्या शुक्रवारी शीलाची थोरली बहीण तुळजाबाई उदगीरहून आली, रिकामी पिशवी घेऊन. तिच्यात बाळाचे कपडे भरून दुपारच्या एसटीने मुलीला कायमची घेऊन जाते, असे तिने सांगितले. मी नाही म्हणालो नाही. तासाला ती माझ्यासोबत आली. खेळात माझी पाळी आली आणि मी गप्प राहिलो.

"बघा," तुळजाबाई आयांना म्हणाली, "रेडकालाबी नाव असतंय. दाजी दोनशे लेकरांची नावं लिवतेत, अन् घरच्या लेकरापुढं मुके बसतेत."

एकदोघी हसल्या. बिलकीस आपा माझ्यासमोर येऊन बसल्या. घरी तिला काय म्हणता, त्यांनी विचारले.

"काय न्हाई," मी म्हणालो. "तिचं नाव ठरलेलं हाय, आपा. मला ठाऊक न्हाई. ज्यांना ठाऊक होतं त्या दोघी गेल्या."

पत्र्यावर चिमण्यांची नखे वाजत होती. तुळजाबाई पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने सांगितले, की लहानपणी शीलाची एक चिंध्यांची बाहुली होती. तिला ती कावेरी म्हणे.

"तेच ठरलं आसंल असं न्हाई, दाजी."

"असू द्या, अक्का. तेच ठेवू."

आत्या कोण, एवढे उरले होते. बिलकीस आपांनी काही न विचारता मुलीला मांडीवर घेतले आणि तिच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितले. रीतीप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत बुक्के घातले.

"हळू गं, म्हातारी हाडं हायत," आपा म्हणाल्या. सर्वांत जोराचा बुक्का तुळजाबाईचा होता.

मग तिने पिशवीची घडी करून कमरेला खोचली. दिवाळीला येते, म्हणाली. तोवर पोरगी हाकेला आली पाहिजे. दारातून जाताना तिने मुलीकडे वळून पाहिले नाही.

आपांनी मुलीला चटईच्या त्या टोकाला बसवले. मी दाराजवळून उठून या टोकाला आलो.

"कावेरी," मी म्हणालो.

ती बाटलीच्या झाकणांशी खेळत होती. तिने मान वर केली नाही. आया थांबल्या होत्या. कोणालाच घाई दिसत नव्हती. मी पुन्हा हाक मारली.