‘नको’चं बटण

रुदैनाला बटणांचं वेड होतं. स्क्रीनवरच्या बटणाच्या कडा किती गोल असाव्यात, यावर ती जेवताना घरच्यांचं डोकं खायची. अम्मानच्या जोफ टेकडीवरच्या धर्मादाय दवाखान्यात औषधांच्या नोंदणीचं मशीन बसलं, त्यातलं एकूण एक बटण तिच्या हातचं. त्यातल्या दोन बटणांवर मात्र तिचा विशेष जीव होता. नोंदणी संपली की स्क्रीन विचारायची, “औषधं घरी पोचवू का?” उजवीकडे हिरवं ‘हो’, डावीकडे करडं ‘नको’.

जोफवर घरं म्हणजे पायऱ्यांवर पायऱ्या. महिन्याची औषधं घेऊन म्हातारी माणसं त्या चढताना रुदैना रोज बघायची. म्हणून सहा महिने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर लबीबांच्या मागे लागून तिनं एक व्हॅन मिळवली होती. आणि आता महिना झाला तरी व्हॅन दारात उभी. ज्याला त्याला ‘नको’.

रविवारी डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितलं की गुरुवारी दुपारपर्यंत हे असंच राहिलं तर व्हॅन दुसऱ्या दवाखान्याला जाईल. लोकांना गरजच नाही, तर उगीच कशाला? रुदैना वाद घालायला गेली, पण आकडे समोर होते. तशीच परत आली.

मग तिनं सगळा राग बटणावर काढला. ‘हो’ मोठं केलं, आणखी हिरवं केलं, त्यावर व्हॅनचं चित्रसुद्धा काढलं. सोमवार कोरडा गेला. मंगळवारी ती सरळ नोंदणीच्या मशीनशेजारी बाकावर जाऊन बसली. हे आधीच करायला हवं होतं, पण शहाण्या माणसांना उशिरा सुचतं.

थोड्या वेळानं उम्म मुतीअ आली. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. स्क्रीननं विचारलं आणि म्हातारीनं क्षणाचाही विचार न करता ‘नको’ दाबलं. मग तिथेच उभी राहिली, स्क्रीनकडे बघत. स्क्रीन पुढच्या माणसाचं नाव विचारू लागली तेव्हा तोंड वाकडं करून बाजूला झाली.

रुदैनानं तिला हाताला धरून बसवलं आणि विचारलं, खाला, तुम्हाला औषधं घरी नको आहेत का?

“हवीत की,” उम्म मुतीअ म्हणाली. “या गुडघ्यांना नको असतील का?”

“मग ‘नको’ का दाबलंत?”

म्हातारीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, या पोरीला आईनं काही शिकवलंय की नाही. “अगं, पहिल्यांदा विचारलं की लगेच हो म्हणतात? हपापल्यासारखं? मी थांबले होते परत विचारेल म्हणून. विचारलंच नाही. म्हटलं, जाऊ दे, मनापासून नव्हतंच.”

रुदैनानं कपाळावर हात मारून घेतला. ती स्वतः मैत्रिणीच्या घरी दोनदा नको म्हटल्याशिवाय कॉफीला हात लावत नव्हती.

धावत जाऊन तिनं डॉक्टरांना सांगितलं की स्क्रीननं पुन्हा विचारायला हवं. डॉक्टर हसले, पण नकारार्थी मान हलवली. ज्याला खरंच नको असेल, त्याच्या मागे मशीननं लागायचं? ते त्यांना पटेना. आणि खरं सांगायचं तर रुदैनालाही पटलं नाही. ती खट्टू होऊन घरी गेली.

जेवताना आईनं न विचारता तिच्या ताटात आणखी भात वाढला. रुदैना नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही, जेवली. आणि घास तोंडात असतानाच तिला कळलं की आपलं चुकतंय कुठे. ज्याला मनापासून द्यायचं असतं, तो विचारतच नाही.

बुधवारी स्क्रीनवरचा प्रश्न गेला. आता तिथे लिहिलेलं होतं, “तुमची औषधं उद्या तुमच्या घरी येतील.” खाली दोन बटणं, सारख्याच आकाराची, सारख्याच रंगाची: ‘माझा पत्ता बरोबर आहे’ आणि ‘मी स्वतः नेईन’. व्हॅनचं चित्रही तिनं काढून टाकलं. खरंच ज्याला न्यायचं होतं, तो दुसरं दाबून खुशाल गेला. संध्याकाळी ड्रायव्हर येऊन म्हणाला की सगळं एका फेरीत मावणार नाही.

गुरुवारी सकाळी उम्म मुतीअ पुन्हा आली, कारण मंगळवारी दवाखान्यात नवऱ्याच्या दूध पावडरीचे डबे संपलेले होते. तिनं स्क्रीन सावकाश वाचली, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि पत्त्याचं बटण दाबलं.

“आता कसं,” ती मशीनला म्हणाली. “देवानं तुझं भलं करावं.”

डॉक्टर लबीब मागे उभे होते. व्हॅन दुसरीकडे देण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही, फक्त ड्रायव्हरला दुसऱ्या फेरीचं पेट्रोल भरून घ्यायला सांगितलं. रुदैना खिडकीपाशी गेली. बाहेर उम्म मुतीअ पायऱ्या चढत होती, दोन्ही मोकळ्या हातांनी कठडा धरून.