पाचपर्यंतची जागा

दुपारी बाराच्या सुमाराला पावाची व्हॅन लॅबच्या मागच्या गल्लीत थांबली आणि तिच्यातून टिटवी एकटीच उतरली. तिला कॉलेजात जीवशास्त्राच्या पदवीसाठी जागा मिळाली होती. पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृहाचे पैसे आज पाचपर्यंत भरले नाहीत, तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

तिच्या वडिलांनी, म्हणजे दादाने, इंजिन चालूच ठेवलं होतं. खिडकीतून तो मागच्या दाराशी आलेल्या आपल्या बहिणीला, टिटवीच्या आत्याला, म्हणाला, "हिला ठेव तुझ्याकडे. काय असतं ते सगळं दाखव. फेरी संपवून चारनंतर येतो. तेव्हा हो की नाही, ते तू सांगायचं."

"मी का?"

"घरात ही विद्या शिकलेली दुसरी कोण आहे?"

व्हॅन गेली. आत्या भाचीला घेऊन मागच्या दाराने आत आली.

व्हॅन दादाची नव्हती, बेकरीची होती. एक जुनी व्हॅन विकाऊ असल्याचं त्याला कळलं होतं. ती तो दोनदा बघून आला होता, एकदा चालवूनही. बँकेत साठवलेल्या पैशांत व्हॅन येत होती किंवा पदवी. दोन्ही येत नव्हतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा शाळा सोडून दादाने स्टिअरिंग हातात घेतलं होतं, आणि धाकट्या बहिणीची जीवशास्त्राची फी त्यातूनच भरली गेली होती. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही. त्यामुळे तिला ते कधी फेडताही आलं नाही.

लॅब चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात होती. पुढच्या खोलीत रिसेप्शनिस्टचं टेबल आणि पेशंटसाठी बाक. मागच्या खोलीत रक्तातल्या पेशी मोजायचं यंत्र, फ्रीज आणि खिडकी नसल्यामुळे दिवसभर जळणारी ट्यूबलाइट. टिटवीला हे नाव तिच्या बडबडीवरून पडलं होतं, आणि तिने ते लगेच सार्थ केलं.

"हे काय आहे? ते का फिरतंय? हे रक्त कुणाचं?"

"हात लावू नकोस. स्टुलावर बस. मी काम करते आणि बोलते, तू ऐक." आत्याने हातमोजे चढवले. "पदवीला तीन वर्षं. नुसत्या पदवीवर मला नोकरी मिळाली नाही, म्हणून पुढची दोन. त्यावरही मिळाली नाही, म्हणून लॅबचा डिप्लोमा. नोकरी मिळाली ती त्या डिप्लोमावर. आणि तो शाळा संपल्यावर थेट करता येतो."

"मग तू आधी तोच का नाही केलास?"

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि आता तू मला सांगतेयस."

"बरोबर."

टिटवीने पाय हलवत विचारलं, "तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं?"

"एक कॉलेजात तासाच्या बोलीवर शिकवते. सुट्टी लागली की तिचा पगारही सुट्टीवर जातो. आमच्यातली पहिली आलेली परदेशात संशोधन करते. तिचं कंत्राट संपत असतं आणि ती शहर बदलत असते. फोटो छान टाकते. आणि एक पाण्याचे फिल्टर विकते."

"खूश कोण आहे?"

"फिल्टरवाली."

"अगं मग तीन वर्षं बेडूक कशाला चिरायचे?" दारात उभी असलेली रिसेप्शनिस्ट म्हणाली. ती नमुन्यांचा ट्रे ठेवायला आली होती आणि जायचं विसरली होती. "फिल्टर विकायला काही बेडूक लागत नाहीत. मला बघ. शाळेला रामराम ठोकला आणि इथे बसले. तुझ्या आत्यापेक्षा चार पैसे कमी मिळत असतील, पण मला कुणी वास घ्यायला लावत नाही."

"चार नाही, तीनच," आत्या म्हणाली. दोघी हसल्या. टिटवी हसली नाही.

आत्याने लघवीच्या नमुन्याचा थेंब काचेवर घेतला, त्यावर पातळ झाकणकाच ठेवली आणि सूक्ष्मदर्शक तिच्याकडे वळवला. "ये, बघ. इतकं ऐकलंस तर बघूनही घे."

टिटवीने डोळा लावला. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग ती ओरडली. "आत्या! गोल आहे. एकदम गोल. कडेला काळीभोर रेघ आहे, आणि आतून नुसता उजेड. किती सुंदर आहे! ही कुठली पेशी?"

आत्याने वाकून पाहिलं. "हवेचा बुडबुडा आहे."

"काय?"

"झाकणकाच ठेवताना हवा अडकते. पहिल्या वर्षाला आमच्या निम्म्या वर्गाने वहीत याचंच चित्र काढलं होतं. मी तर त्याच्या भागांना नावंही दिली होती."

"लघवी बघून एवढं हरखलेलं माणूस मी आज पहिल्यांदा पाहिलं," रिसेप्शनिस्ट म्हणाली आणि फोन वाजला म्हणून पुढे गेली.

टिटवीचा चेहरा उतरला. ती स्टुलावर जाऊन बसली आणि तिने तोंड मिटलं. वहिनीने, म्हणजे टिटवीच्या आईने, सकाळीच फोन करून आत्याला सांगितलं होतं, "तिचं डोकं ठिकाणावर आणा, ताई." आत्याला वाटलं, न ठरवताच काम झालं. त्यात तिला काही बरं वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "पण त्याची कड काळी का दिसते?"

"प्रकाश वाकतो म्हणून. ते भौतिकशास्त्र झालं."

"तू विचारलं होतंस का तेव्हा?"

"नाही," आत्या म्हणाली. "मी नव्हतं विचारलं."

तीन वाजता यंत्राने एका नमुन्यावर लाल खूण दाखवली. यंत्राला शंका आली की ती काच माणसाच्या डोळ्यांखाली यायची, म्हणजे आत्याच्या. तिने रक्ताचा पातळ थर पसरला, रंग चढवला, वाळवला आणि बघायला बसली. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. मग दुसरी काच करून तीही पाहिली. नंतर तिने डॉक्टरांना फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं, "सर, आज थोडं लवकर या. एक काच तुम्हीच बघायला हवी."

फोन ठेवून ती बाहेर आली तेव्हा बाकावरचा माणूस उठला. त्याच्या हातात बायकोची पर्स होती; तो नमुना तिचाच होता. "मॅडम, सगळं ठीक आहे ना? आम्हाला गाव गाठायचं आहे, म्हणून विचारतो."

"रिपोर्टवर डॉक्टर सही करतात. ते येतायत. तोपर्यंत बसा."

"तसं घाबरण्यासारखं..."

"बसा. पाणी हवंय का?"

आत आल्यावर टिटवीने विचारलं, "तुला कळलंय ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सही माझी नसते. डॉक्टर येतील, पाच मिनिटं बघतील आणि मी म्हणते तेच लिहितील. पण सही त्यांची." तिने हातमोजे काढून डब्यात टाकले. "हे पण धर तुझ्या हिशेबात."

चारनंतर व्हॅन आली. रिकाम्या ट्रेंच्या खडखडाटात तिघंही पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसली. दादाच्या शर्टाच्या बाहीवर पीठ होतं.

"बोल," तो म्हणाला. "हिशेब सांग."

आत्याने वर्षं सांगितली, खर्च सांगितला, आणि मग स्वतःचा पगार. इतक्या वर्षांत तो आकडा तिने भावाला पहिल्यांदाच सांगितला.

"म्हणजे माझ्यापेक्षा कमी?"

"थोडा."

"वाटलंच होतं. जास्त असता तर तू कधीच सांगितला असतास." त्याच्या आवाजात राग नव्हता, दिवसभराचा थकवा होता. "मग तेव्हाचे पैसे पाण्यात गेले म्हणायचे?"

"तुझे गेले. माझे नाही."

दादाने वळून पाहिलं.

"मान दुखते, मालक खडूस आहे, सही दुसऱ्याची असते," आत्या म्हणाली. "तरी सकाळी उठले की मला तिथे जावंसं वाटतं. त्याची किंमत तू भरलीस, मला ते फुकट मिळालं. म्हणून मला विचारू नकोस, दादा. माझं उत्तर हो असंच येणार, आणि त्याचं बिल पुन्हा तुझ्याच हातात पडणार."

"मी वसतिगृहात नाही राहत," टिटवी मध्येच म्हणाली. "रोज जाऊन-येऊन करीन. फक्त फी भरा."

"तू जरा गप्प बस," दादा म्हणाला.

"माझ्याबद्दलच बोलताय ना?"

"म्हणूनच गप्प बस."

दादा समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मग खिशातून फोन काढून त्याने मुलीच्या हातात दिला. "काढ ते फी भरायचं पान. त्या व्हॅनला रंग तरी कुठे धड होता."

"कालपर्यंत तर काचेसारखी चमकते म्हणत होतास," आत्या म्हणाली.

"काल काल होता."

टिटवीने माहिती भरली. बँकेने पडताळणीचा आकडा पाठवला, पण तो दादाच्या फोनवर आला नाही. खातं दोघांचं होतं आणि बँकेत नंबर वहिनीचा दिलेला होता. वहिनी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला होती. दादाने फोन लावायच्या आत तिचाच आला. त्याने स्पीकर चालू केला. पलीकडे यंत्रांची घरघर होती.

"हे कुठे चाललेत पैसे?"

"फी भरतोय. ते आकडे वाच जरा, थोडाच वेळ चालतात."

"म्हणजे ठरलं? मला न विचारता?"

"अगं, पाचपर्यंतच..."

"ताई आहेत ना तिथे? त्यांच्याशी बोलू दे." घरघर जराशी दूर गेली. वहिनी दाराकडे आली असावी. "ताई, हो म्हणालात तुम्ही?"

"वहिनी, मी फक्त हिशेब सांगितला."

"हिशेब मलाही येतो. मला एवढंच सांगा. तुम्ही शिकत होतात तेव्हा तुमच्यासाठी गाडी चालवायला तुमचा भाऊ होता. आमच्या मुलीला भाऊ नाही. आम्ही थकलो की हिच्यामागे कोण आहे?"

आत्या फोनकडे वाकली.

"मी आहे," आत्या म्हणाली.

"तुमचा पगार मला माहीत आहे, ताई. तुम्ही कधी सांगितला नाहीत, तरी माहीत आहे."

"मग तेवढ्या पगाराची मी आहे."

लाँड्रीत कुणीतरी तिला हाक मारली. "आले," ती त्या माणसाला म्हणाली, पण पावलं वाजली नाहीत. टिटवी दोन्ही हातांत फोन धरून बसली होती. पडद्यावर सहा रिकामे चौकोन होते आणि त्यांच्याखाली उलटे मोजले जाणारे सेकंद. दादाने इंजिन सुरू करायला किल्लीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. पाच वाजायला थोडी मिनिटं होती. फोन चालू होता. वहिनीने आकडा अजून सांगितलेला नव्हता.