दोन डाव्या बाह्या

पिवळी कॅप्सूल खडूच्या तुकड्याला टेकून पडलेली — एवढीशी चीज, कापडावर साधी रेघ ओढता येणार नाही हिला, आणि ही माझा हात धरणार!

दुपारची कॅप्सूल. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला कोटाच्या त्या दोन बाह्या अजून तशाच पडल्या होत्या. दोन्ही डाव्या. तीस वर्षं कापड बेतणाऱ्या बाईने नमुना उलटा न करताच दुसरी बाही कापली... मालक ओरडलासुद्धा नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मावशी, थोडे दिवस बटणं लावायला बसा," एवढंच, मऊ आवाजात. बटणं! मी!

अंगावर उठलेली नागीण बरी झाली होती, पण बरगडीखाली आग ठेवून गेली होती. अंगाला कपडा लागला तरी जीव जायचा. ही आग कॅप्सूलनेच विझवली, ते नाकारून कसं चालेल. पण पंधरवड्यापूर्वी डॉक्टरांनी मात्रा वाढवली आणि डोळ्यांवर झापड यायला लागली, पाय दुसऱ्याचेच असल्यासारखे पडायला लागले. नाहीच घ्यायची आता. आग परवडली.

कॅप्सूल टाकून द्यायला ती चिंध्यांच्या पेटीपाशी गेली.

"मनानं बंद करू नका हं," — गेल्या आठवड्यात पुन्हा दाखवायला गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते — "एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. कमी करायची तर सांगा, हळूहळू उतरवू." मग विचारलं होतं, गुंगी येते का? आणि ती ठसक्यात म्हणाली होती, छे! काम काय करता? शिवणकाम. कात्रीचं नाव काढलं नाही, काढलं असतं तर कात्री सोडा म्हणाले असते... बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आई, खरं सांगायचं होतंत ना." तिलाही गप्प केलं. झाकली मूठ! आणि मूठ उघडली ती मालकासमोर.

फिट. कात्री उघडी, कापडात अर्धी शिरलेली, आणि हात आपला नाही...

तिने कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली. रागानेच. तुझ्यासाठी नाही गं बये, कात्रीसाठी.

मग दवाखान्यात फोन लावला. सिस्टरने उचलला.

"झोप येते मला. दिवसभर. मागच्या वेळी खोटं बोलले मी," ती म्हणाली, भांडायला उठल्यासारखी. "आणि मी कात्री चालवते. मोठी."

"चारला डॉक्टर येतात, तेव्हा या. तोवर कात्रीला हात लावू नका. आणि औषध मनानं सोडू नका."

"येते. पण बटणं लावणार नाही."

"काय?"

"काही नाही."

टेबलाशी येऊन तिने एक बाही दुसरीवर ठेवली, कडा जुळवल्या, बोट फिरवत खालपर्यंत गेली. कुठे सुताचाही फरक नव्हता. कात्री तिथेच होती, हाताशी. तिने ती उचलली नाही, पण सरकवलीही नाही. चार वाजायला अजून वेळ होता. बाजू चुकली, माप नाही चुकलं माझं — हे आधी डॉक्टरांना सांगायचं, मग मालकाला, आणि बटणांशी बसून नाही, उभ्यानेच.