जोडलेल्या हातांचं बटण

'धाव' अ‍ॅपचं लाल बटण गेलं आणि लोणावळ्यात बोंबाबोंब झाली. कुणी दरीत घसरलं, कुणी धरणावर वाहून गेलं, की ते बटण दाबायचं. त्यावर मराठीत ठसठशीत 'वाचवा' लिहिलेलं असे, आणि दाबताच बचाव पथकाच्या माऊलीचा फोन कर्कश वाजे. कंपनीतल्या कुण्या दीडशहाण्याला ते भडक वाटलं. त्यानं तिथं फिक्या निळ्या रंगावर जोडलेले दोन हात बसवले, पथकाच्या 'निघालो' या उत्तरालाही तेच हात, अक्षर एकही नाही.

लोकांनी कंपनीची सालटी काढली. "अ‍ॅप आहे का लग्नपत्रिका?" खंडाळ्याच्या एका हॉटेलवाल्यानं लिहिलं. गावातले दत्तोबांसारखे म्हातारे तर नमस्काराला नमस्कार म्हणून रोज सकाळी ते हात दाबायचे. माऊली तक्रारी करून थकला. कंपनीचं उत्तर यायचं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार', आणि पुढे तेच हात.

माऊलीचं डोकं मुळातच तापट. त्यानं गावाच्या ग्रुपवर टाकलं, "रविवारी सकाळी नऊला सगळ्यांनी एकदम हात दाबा. बघू यांचं अ‍ॅप कसं तग धरतं. खरी अडचण असेल त्यानं मला फोन करा."

रविवारी नऊला हातांचा नुसता पूर आला. चारशे, पाचशे. फोनचा आवाज त्यानं आधीच बंद केला होता. नावं वाचताना तो खुशीत होता. त्यात भुशीच्या वरच्या वाडीतली उज्ज्वला दिसली. तिचा नवरा उमेश पथकाचा वाटाड्या. दरीतून त्यानं किती जणांना पाठीवर वर आणलं, त्याला गणती नाही. वाडीसुद्धा आपल्यामागं उभी राहिली म्हणून माऊलीला भरून आलं. त्यानं तिला उलट हात धाडले. मग शाबासकीचे फोन सुरू झाले, ते दोन तास संपेनात.

वाडीतलं कुणीच त्या ग्रुपवर नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

सव्वाअकराला उमेशची आई बयाबाई धापा टाकत पथकाच्या शेडपाशी आली. "उमेश कड्याखाली पडलाय. गुरं वळाया गेलता. तुमचा फोन लागंना," एवढंच तिला बोलता आलं.

दोर घेऊन सगळे धावले. माऊली स्वतः खाली उतरला. उमेश एका कपारीत पडला होता. मांडीतून वाहायचं तेवढं रक्त वाहून गेलं होतं. अंग अजून कोमट होतं. थोडं आधी आलो असतो तर काय झालं असतं, हे माऊलीला कुणी सांगायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत त्यानं अशी अंगं पुष्कळ पाहिली होती.

वर उज्ज्वला बसली होती. रडत नव्हती. माऊली तिच्याजवळ जाऊन बसला.

"भाऊ, तुमचं हात आलं तवा मला वाटलं तुमी निगालात," ती म्हणाली. "मी त्यास्नी वरनं वरडून सांगितलं. त्यांनी खालनं व्हय म्हनलं, आन गप पडून तुमची वाट बगत ऱ्हायले."