ब्लीचने घासलेली शिळा

मित्रांनो, मी एक जुनी शिळा आहे. सामोआच्या सवाई बेटावरची, ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची, अंगभर बारीक भोकं असलेली. चार पिढ्या माझ्यावर नायट्यावर लावायच्या झाडाची पानं कुटली. कितीतरी पोरांची अंगं स्वच्छ झाली. कौतुक झालं ते पानांचं. माझं कुणी नाव काढलं नाही. असो.

माझी मालकीण सोसेफिना झाडपाल्याची औषधं देते. शिवाय ती गावच्या महिला समितीची प्रमुख. दर महिन्याला घरोघर चटया उलटून धूळ शोधते. तिच्या घरात माशीसुद्धा बिचकून बसते!

यंदा प्रार्थनाघरापाशी गाड्या लावायला तिथली आमची ही औषधी झाडं तोडायचं ठरलं. मुखिया वावाए म्हणाला, "आजीबाई, पानांत गुण असेल तर नातीच्या प्रयोगशाळेतून दाखव. शनिवारपर्यंत थांबतो."

नात मोएलागी रस न्यायला येणार म्हणताच सोसेफिनाने कंबर कसली. "शहरातली माणसं तपासणार! घाण निघाली तर समितीत तोंड कसं दाखवू?" आजवर मला पावसाच्या पाण्याने धुतलं जाई. त्या सकाळी तिने मला ब्लीचने घासलं. भोकाभोकांतून मी ते प्यायले. ओरडले असते, पण दगडाला तोंड कुठलं!

मोएलागीने आधी तुलनेसाठी माझ्यावर नुसतं पाणी फिरवून घेतलं, मग पानांचा रस. कागदाच्या टिकल्या त्यात भिजवून जंतूंच्या आणि बुरशीच्या बशांत ठेवायच्या होत्या. जंतू मेले, की टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटतं.

शुक्रवारी ती उतरल्या चेहऱ्याने परतली. "कडं आलं, आजी. दोन्ही बशांत."

"बघ! मी सांगत नव्हते?"

"नुसत्या पाण्याभोवतीही आलं. मग पानांचं काय सिद्ध झालं? शिळा कशाने धुतलीस?"

"ब्लीचने! मी काय गबाळी आहे?" म्हणता म्हणता सोसेफिनाने वाकून मला हुंगलं. भोकांतून अजून ब्लीचचाच वास येत होता.

पुन्हा तपासायला आठवडा लागणार होता. वावाए हसला, "पाण्यालाही गुण आला म्हणे! मग पाणीच लावा की."

शनिवारी झाडं पडली. मी बघत राहिले.

काल एक आई पोराच्या मानेवरचा नायटा दाखवायला आली. सोसेफिनाने सवयीने माझ्यावर हात ठेवला आणि तसाच उचलला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, धुवासुद्धा. पण आधी त्यांची सवय विचारा. मला पावसाचं पाणी पुरत होतं.