आतून कडी

त्या घरात कोणतीही वस्तू टाकून दिली जात नसे. ती 'खाली ठेवली' जात असे. टाकून देणे हा उधळेपणा, तर खाली ठेवणे ही दूरदृष्टी, अशी घरच्यांची धारणा होती. दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुले आणि सुना अशा सर्वांच्या दूरदृष्टीने तळघर छतापर्यंत भरले होते. तिथे पाय मोडलेली एक खुर्ची होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात खुर्चीचा एक पायही होता; तो मात्र वेगळ्याच खुर्चीचा होता.

वर दिवाणखान्यात, टीव्हीसमोरच्या दिवाणावर, या भावांची बहीण राहत असे. घरात तिला सगळे आत्या म्हणत. तिने परगावच्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी करण्यात आयुष्य घालवले होते. लग्न केले नव्हते. ती निवृत्त झाल्यावर भावांनी तिला अगत्याने बोलावून घेतले होते. "सगळं घर तुझंच आहे," असे थोरले भाऊ, म्हणजे दादा, म्हणाले होते. सगळेच घर तिचे असल्यामुळे तिला वेगळी खोली देण्याचा प्रश्न उद्भवला नाही. शेवटच्या माणसाची मालिका संपली की तिची रात्र सुरू होई आणि पहिल्या माणसाला चहाची तलफ आली की ती संपे. कपडे बदलायला ती न्हाणीघरात जाई. तिथे लगेच कोणीतरी दार वाजवी.

तिच्या एका जुन्या मैत्रिणीने आपल्याकडची रिकामी खोली तिला देऊ केली होती. महिनाअखेर तिकडे जायचे आत्याने जवळजवळ ठरवले होते. हे तिने फक्त दादांच्या धाकट्या सुनेला सांगितले, तेही चादरीची घडी घालता घालता.

"खोली लहान आहे म्हणते. पण दार आहे."

"इथेच दार मिळालं तर राहाल?"

"इथे कुठे गं?"

सुनेने बोटाने जमीन दाखवली.

ती एका औषध कंपनीच्या गोदामाची व्यवस्था पाहत असे, त्यामुळे तिला ढिगाऱ्याची भीती वाटत नव्हती. जेवताना तिने विषय काढला आणि सर्वांनी तत्काळ होकार दिला. तळघर दुसऱ्यांच्या सामानाने भरले आहे, याबद्दल प्रत्येकाची खात्री होती.

"मी कधीचा म्हणतोय," दादा म्हणाले. ते खरे होते. ते स्वतःच्या लग्नापासून म्हणत होते.

सुनेने गोदामातला नियमच घरात लावला. ज्याला वस्तू हवी असेल त्याने ती स्वतःच्या हातांनी स्वतःच्या खोलीत न्यायची; उरलेले सगळे भंगारात. गोदामात या नियमाने खोकी भराभर हलत. पण तिथे कोणाचा खोक्यांवर जीव नसतो, हे तिच्या लक्षात आले नाही.

रविवारी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी लागला आणि सगळे कुटुंब खाली उतरले.

"हा पंप?" दादांच्या धाकट्या भावाने, म्हणजे भाऊंनी, विचारले.

"बंद आहे, काका."

"नुसता बंद आहे. बिघडलाय असं कोण म्हणालं?" भाऊंनी पंप छातीशी धरला आणि ते जिना चढले.

सासूबाई झाकणांची चळत घेऊन उभ्या होत्या.

"आई, यांची भांडी कधीच गेली."

"भांडी गेली गं. म्हणून झाकणंही घालवायची का?"

दादांच्या हातात वायरींच्या गुंत्याचे खोके होते. "यातली एक तरी उपयोगाची असणार."

"कोणती, बाबा?"

"ते आत्ता कसं सांगू? काम निघालं की कळेल."

दादांचे व्यायामाचे यंत्र सासूबाईंनी भंगारात काढले, तर भाऊंच्या पत्नीने ते कपडे वाळत घालायला उचलले. भाऊंच्या पत्नीने काढलेला आरसा मोठ्या सुनेला हवासा वाटला. एकाने टाकावे आणि दुसऱ्याने वाचवावे, अशा परस्पर सहकार्याने दुपार उलटली. आत्या पायरीवर बसून गंजक्या खिळ्यांचा डबा चिवडत होती. त्यातून तिने एक पितळी कडी काढली आणि फडक्याने घासू लागली.

"कडी कशाला तुला?" दादा हसले. "कोणाला कोंडायचंय?"

"असू दे," आत्या म्हणाली. त्या घरात या दोन शब्दांवर कोणी वाद घालत नसे.

बाहेर भंगारवाल्याचा तिसरा चहा झाला होता. "ताई, माल निघतोय ना?"

"निघतोय हो," सून म्हणाली. तेवढ्यात तिला दिसले की दादा टेम्पोत वाकून एका जुन्या पंख्याची पाती फिरवून पाहत आहेत. थोड्या घासाघिशीनंतर तो पंखा घरात आला.

"असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं," भंगारवाला म्हणाला आणि हलका होऊन निघून गेला.

सून जिन्यात मटकन बसली. "आत्या, घरातून काडीही बाहेर गेली नाही. उलट पंखा वाढला."

"खाली बघितलंस का?"

तिने पाहिले. चारही भिंती दिसत होत्या. रस्त्याच्या पातळीवरच्या दोन खिडक्यांमधून ऊन जमिनीपर्यंत येत होते आणि त्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत होते. नियम अक्षरशः पाळला गेला होता. सगळे सामान ज्याच्या-त्याच्या खोलीत गेले होते. दोघींनी जमीन पुसली, खाट खाली आणली, आणि सुनेने स्क्रूड्रायव्हरने कडी दाराच्या आतल्या बाजूला बसवली.

वरचे चित्र तासाभरात स्पष्ट झाले. दादांच्या खोलीचे दार अर्धेच उघडत होते. भाऊंच्या पलंगावर पंप होता आणि भाऊ पलंगाच्या कडेला होते. दिवे लागायच्या सुमारास दोघे भाऊ आपापला ठेवा घेऊन तळघराच्या दाराशी आले.

"अगं, दार उघड. दोनच दिवस ठेवतो, कोपऱ्यात. तुला काय, एवढी मोठी जागा."

"कपडे बदलतेय, दादा."

दादा थांबले. भाऊ पंपावर बसले.

"झालं का?"

"नाही."

"किती वेळ लागेल?"

"लागेल थोडा."

"वर दिवाण तर रिकामा झालाय," भाऊ हळूच म्हणाले.

"त्यावर झाकणं आहेत."

आत खाट करकरली. मग आत्या फोनवर कोणाशी तरी बोलू लागली. "नाही गं, आता येत नाही. सामान भरलं होतं, ते सोडलं. हो, इथेच. दार आहे. कडीसुद्धा आहे."

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले.

"कुठे चालली होती ही?" दादांनी विचारले.

भाऊंना ठाऊक नव्हते. विचारायला हवे होते, हेही कोणाच्या ध्यानात आले नव्हते.  दादांनी खोके उचलले आणि वायरींचा आवाज होणार नाही अशा बेताने ते जिना चढू लागले.